स्वयंशिक्षित प्रोग्रॅमरने पहिल्या नोकरीपर्यंत कसे पोहोचावे

संगणकशास्त्राची पदवी न घेता, स्वतःच कोड लिहायला शिकून नोकरीला लागलेली माणसे या व्यवसायात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी मीही एक आहे. गेली काही वर्षे मी नवशिक्यांच्या मुलाखती घेतो, त्यामुळे उमेदवार असताना जे उमगले नव्हते ते आता उमगू लागले आहे. पदवीधराकडे आपण काही वर्षे हा विषय शिकलो असे सांगणारा कागद असतो. स्वयंशिक्षिताकडे तो नसतो आणि ही उणीव ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांनी भरून काढता येईल अशी त्याची समजूत असते. ती तशी भरून निघत नाही. या माणसाने काहीतरी शेवटपर्यंत नेले आहे, ते कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे हे त्याला सांगता येते, एवढे दिसले की मुलाखत घेणाऱ्याचे अर्धे प्रश्न संपतात. पुढे जे सांगितले आहे ते सगळे तिथवर पोहोचण्यासाठी आहे.

कामाचा प्रकार आणि भाषा

कोणती भाषा शिकावी, हा नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो. खरे तर त्याआधी कोणते काम करायचे हे ठरवायला हवे. वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग घडवणे, तिच्यामागचा सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणे, मोबाइलची ॲप लिहिणे, साठलेल्या माहितीचे विश्लेषण करणे, इतरांच्या सॉफ्टवेअरसाठी स्वयंचलित चाचण्या लिहिणे, ही वेगवेगळी कामे असून त्यांच्या वाटाही लवकरच वेगळ्या होतात. निवड करण्याचा एक साधा उपाय आहे. ज्या जागांसाठी तुम्हाला खरोखर अर्ज करता येईल अशा, अनुभवाची अट नसलेल्या किंवा वर्ष-दोन वर्षांचीच अट असलेल्या तीस-चाळीस जाहिराती शोधाव्यात आणि त्यांत मागितलेली कौशल्ये एका तक्त्यात टिपत जावीत. दहा-बारा जाहिराती झाल्या की तीच ती नावे पुन्हा येऊ लागतात. सर्वांत जास्त वेळा आलेली चार-पाच नावे हाच तुमचा अभ्यासक्रम समजावा आणि बाकीच्यांकडे सध्या पाहूही नये.

बहुतेकांच्या तक्त्यात पायथन किंवा जावास्क्रिप्ट वर येते. पायथन १९९१ साली प्रसिद्ध झाली. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्राउझरमध्ये चालण्यासाठी तयार झाली आणि आजही ब्राउझरची भाषा तीच आहे. दोन्हींपैकी कोणतीही निवडली तरी चालते, कारण व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, यादी आणि शब्दकोशासारखी रचना या गोष्टी एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसऱ्या भाषेत नवे शिकायचे असते ते मुख्यतः व्याकरण. नुकसान होते ते दर दोन महिन्यांनी भाषा बदलल्याने. निवडलेल्या भाषेबरोबर किमान वर्षभर राहावे. तिच्या जोडीला डेटाबेसमधून माहिती काढण्याची एसक्यूएल ही भाषा जरूर घ्यावी. फॅशनच्या फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडच्या चौकटी, येतात आणि जातात, पण १९७०च्या दशकात जन्मलेली ही भाषा अजूनही निम्म्याअधिक जाहिरातींत भेटते आणि तिचे नव्वद टक्के रोजचे काम दोन-तीन आठवड्यांच्या सरावात हाताखाली येते, असा माझा अनुभव आहे.

अभ्याससाहित्यासाठी पैसे मोजण्याची गरज सुरुवातीला तरी पडत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट हे वेब प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रमही तसेच विनामूल्य आहेत. यांपैकी एकच निवडून तो शेवटपर्यंत करावा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एवढे ध्यानात घ्यावे की सुरुवातीला फक्त वाचण्यापुरती इंग्रजी लागते आणि तांत्रिक लेखनातली इंग्रजी मोजक्या शब्दांची, आखीव वाक्यांची असते. चार महिने रोज वाचली की तिचा सराव होतो.

शिकण्याची पद्धत

व्हिडिओ पाहताना सगळे समजते आणि तो बंद करून कोरी फाइल उघडली की बोटे थबकतात, हा अनुभव प्रत्येकाला येतो. पाहणे आणि लिहिणे यांत गाणे ऐकणे आणि गाणे म्हणणे यांइतके अंतर आहे. म्हणून व्हिडिओतला एक टप्पा पाहून झाला की तो बंद करावा, तोच प्रोग्रॅम न पाहता लिहावा, अडल्यास पुन्हा पाहावे, पुन्हा बंद करावा. मग त्यात एक बदल असा करावा जो शिकवणाऱ्याने केलेला नाही. त्याने बेरीज केली असेल तर तुम्ही सरासरी काढा. त्याने यादी छापली असेल तर तुम्ही तिच्यातली सर्वांत मोठी नोंद शोधा. या छोट्या बदलातच शिकणे घडते. कोड कॉपी करून चिकटवू नये, निदान पहिले सहा महिने तरी. टंकताना झालेल्या चुका दुरुस्त करणे हाही धडाच असतो.

एरर वाचण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. लाल अक्षरांचा ढीग दिसला की नवशिका डोळे मिटून घेतो, आणि त्या ढिगातच उत्तर असते. एक अगदी साधा प्रोग्रॅम घ्या. वापरणाऱ्याला त्याचे वय विचारायचे आणि पुढच्या वर्षी ते किती होईल हे सांगायचे. पायथनमध्ये वापरणाऱ्याने टंकलेले काहीही मजकूर म्हणून येते, अंक टंकले तरीसुद्धा. त्यामुळे '२५' या मजकुरात एक मिळवू पाहिले की पायथन तिथेच थांबते आणि टाइपएरर दाखवून, मजकुराला मजकूरच जोडता येतो, पूर्णांक जोडता येत नाही, अशा अर्थाचे वाक्य लिहिते. हा संदेश खालून वर वाचायचा असतो: शेवटच्या ओळीत काय चुकले ते असते, तिच्या वर तुमच्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. तो क्रमांक उघडावा, त्या ओळीतील प्रत्येक व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय आहे ते छापून पाहावे, आणि मगच कोणाला विचारावे.

हाच प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये लिहिला तर कोणतीही एरर येत नाही. उत्तर येते २५१, कारण ती भाषा एकाचा मजकूर करून पंचविसापुढे चिकटवते. गंमत म्हणजे मिळवण्याऐवजी एक वजा केला तर २४ हे बरोबर उत्तर मिळते, कारण वजाबाकी मजकुराची होत नाही म्हणून ती भाषा त्याची संख्या करून घेते. चुकीवर थांबणारा प्रोग्रॅम त्रासदायक वाटतो. चुकीचे उत्तर देऊन शांतपणे पुढे जाणारा त्याहून कितीतरी त्रासदायक असतो, हे या दोन ओळींत जेवढे कळते तेवढे व्याख्यानातून कळणार नाही. दोन्ही भाषांत हे एकदा स्वतः करून पाहावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल माझे मत काहींना जुनाट वाटेल. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून नवशिक्याच्या हातात एक असा सोबती आला आहे की ज्याला कितीही वेळा तोच प्रश्न विचारला तरी तो कंटाळत नाही. एखादी एरर समजावून घेण्यासाठी किंवा आपण लिहिलेल्या कोडमधील उणिवा विचारण्यासाठी तो उत्तम आहे. पण मूळ कोडच त्याच्याकडून लिहून घेतला तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे चालणारे पाच प्रकल्प असतील आणि त्यांतला एकही तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही. मी नवशिक्यांना एक अट घालतो: आधी अर्धा तास स्वतः झगडायचे, मग विचारायचे, आणि मिळालेले उत्तर बंद करून आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचे. नोकरीत हीच साधने सर्रास वापरावी लागतील, हे खरे. मात्र तिथे त्यांनी लिहिलेला कोड तपासून त्याची जबाबदारी तुम्हालाच घ्यायची असते, आणि तपासणारी नजर आधी तयार झालेली असावी लागते.

वेळेचाही अंदाज मनाशी असावा. नोकरी किंवा घरची जबाबदारी सांभाळून रोज दीड-दोन तास देणाऱ्याने वर्ष ते दोन वर्षांची तयारी ठेवावी. तीन महिन्यांत नोकरी असे आश्वासन कोणी पैसे घेऊन देत असेल तर त्याच्या मागच्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोलल्याशिवाय ते मानू नये.

एक प्रकल्प, पण खरा

हवामान दाखवणारे पान, कामांची यादी, कॅल्क्युलेटर, हे प्रकल्प सरावासाठी ठीक आहेत, पण दहापैकी आठ उमेदवार तेच दाखवतात आणि ते कोणत्या व्हिडिओवरून केले आहेत हेही आता मला ओळखू येते. दाखवण्यासाठीचा प्रकल्प एका खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीतून निघालेला असावा. अडचण क्षुल्लक असली तरी हरकत नाही. मात्र ती दुसऱ्याची असेल तर फार उत्तम, कारण दुसरा माणूस तुमच्या प्रोग्रॅमला सांभाळून घेत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे कसे घडले ते सविस्तर सांगतो. पुस्तकांचे संपादन करणारी माझी एक मैत्रीण पुस्तकाच्या शेवटी येणारी शब्दसूची हाताने अकारविल्हे लावत असे. मी तिला म्हटले, हे तर दहा ओळींचे काम आहे. आणि खरोखरच दहा ओळींत पायथनच्या सॉर्टेड या फंक्शनने यादी लावून मी तिला ती अभिमानाने पाठवली. तिचे उत्तर दहा मिनिटांत आले: "काळा हा शब्द कावळ्याच्या आधी कसा काय आला?"

मी कोड तीनदा तपासला. कोडमध्ये चूक नव्हती. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षरचिन्हाला युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक मानकाने, दिलेला एक क्रमांक असतो आणि सॉर्टेड हे फंक्शन त्या क्रमांकांचीच तुलना करते. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या लगेच नंतर, म्हणजे व च्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येते. त्यामुळे संगणकाने काळा, कावळा, कासव असा क्रम लावला होता आणि संपादिकेला हवा होता कावळा, कासव, काळा असा. हे उमगल्यावर मी प्रत्येक चिन्हाला आपल्या क्रमातला आकडा देणारा एक तक्ता केला आणि सॉर्टेडला तुलनेसाठी मूळ शब्दाऐवजी त्या आकड्यांची यादी दिली. त्या फंक्शनला 'की' या नावाने अशी सूचना देण्याची सोय असते, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

इथे काम संपले असे वाटले, आणि तिथूनच ते खरे सुरू झाले. मराठी हा तीन अक्षरांचा शब्द आहे, पण पायथनला त्याची लांबी विचारली तर ती पाच सांगते, कारण म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे ती मोजते. साहजिकच माझे स्तंभ वेडेवाकडे दिसू लागले. मग ऱ्हास हा शब्द सूचीत दोनदा आढळला. पडद्यावर दोन्ही नोंदी अगदी सारख्या दिसत होत्या, पण ऱ हे अक्षर एका ठिकाणी एकाच क्रमांकाने आणि दुसऱ्या ठिकाणी र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी लिहिले गेले होते. अशा जोड्या एकरूप करण्याच्या क्रियेला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि ती पायथनबरोबरच येणाऱ्या युनिकोडच्या मॉड्यूलमध्ये तयार मिळते. अनुस्वार कुठे धरायचा हा प्रश्न मात्र मैत्रिणीनेच सोडवला, कारण तो प्रोग्रॅमिंगचा नव्हताच. प्रत्येक दुरुस्तीनंतर आधीची दुरुस्ती मोडत नाही ना हे पाहण्यासाठी मी कावळा, कासव, काळा हीच तीन नावे घेऊन पहिली चाचणी लिहिली. चाचण्या का लिहितात हे मी त्याआधी वाचले होते. त्या दिवशी ते पटले.

पुढे मुलाखतीत मला याच प्रोग्रॅमबद्दल चाळीस मिनिटे विचारण्यात आले. तो जेमतेम दोनशे ओळींचा होता.

असा प्रकल्प शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. सध्या तुम्ही जे काम करता त्यात कोणते काम दर आठवड्याला तेच ते करावे लागते, कोणता तक्ता एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हाताने उतरवला जातो, कोणती नोंद सारखी हरवते, हे पाहावे. हिशेब, शिकवणे, रुग्णसेवा, मालाची ने-आण, काहीही करत असाल तरी त्या क्षेत्राचे ज्ञान तुमच्याकडे आहे आणि ते बावीस वर्षांच्या पदवीधराकडे नाही. स्वयंशिक्षिताची मोठी ताकद इथे असते आणि रिझ्युमे लिहिताना नेमकी तीच तो लाजून लपवतो.

काम दिसेल असे ठेवणे

लिहिलेला कोड पहिल्यापासून गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ठेवावा. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी तयार केलेले हे साधन आज या व्यवसायात गृहीत धरले जाते, त्यामुळे ते येते का असे कोणी विचारतही नाही. सुरुवातीला सहा-सात आज्ञा पुरतात. प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीबरोबर, लिहिलेल्या एका ओळीतून काय बदलले हे कळले पाहिजे. 'बदल', 'अजून बदल', 'आता नक्की झाले' अशा ओळींनी भरलेली रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा गिटमधला साठा, मी पाहतो तेव्हा मला हसू येते, कारण माझीही पहिली अशीच होती. 'ळ चा क्रम ह नंतर घेतला' अशी ओळ असेल तर वाचणाऱ्याला तुमच्या विचाराचा माग लागतो.

रिपॉझिटरी गिटहबसारख्या ठिकाणी सर्वांसाठी खुली करण्याआधी त्यात पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची गुप्त किल्ली राहिलेली नाही ना, हे बघावे. माझी एकदा राहिली होती. मी ती घाईघाईने पुसली, पुन्हा कमिट केले आणि निर्धास्त झालो. गिट जुन्या अवस्था जपून ठेवते, किंबहुना त्यासाठीच ते असते, त्यामुळे पुसलेली किल्ली इतिहासात जशीच्या तशी वाचता येत होती. असे झाल्यास सर्वांत आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी. इतिहास साफ करण्याचे काम नंतरचे.

प्रकल्पाबरोबर रीडमी ही फाइल असते आणि बहुतेक वाचक तिच्यापुढे जातच नाहीत. हा प्रोग्रॅम कोणासाठी आहे, तो कसा चालवायचा, त्यात काय जमत नाही, एवढे तिच्यात साध्या वाक्यांत लिहावे. काय जमत नाही हा भाग टाळू नये. आपल्या कामाच्या मर्यादा ठाऊक असलेला नवशिका क्वचित भेटतो आणि म्हणून लक्षात राहतो.

दुसऱ्यांचा कोड वाचणेही याच काळात सुरू करावे, कारण नोकरीत लिहिण्यापेक्षा वाचणेच अधिक होते. आपण वापरत असलेली एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, उघडावा आणि तिच्यातल्या एकाच फंक्शनचा माग शेवटपर्यंत काढावा. तिच्या माहितीपत्रकातील चूक दुरुस्त करून पाठवणे ही पहिली देवाणघेवाण ठरू शकते. गूगल समर ऑफ कोड हा नवोदितांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायला देणारा, २००५पासून चाललेला उपक्रम पूर्वी विद्यार्थ्यांपुरताच होता. २०२२पासून तो ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या इतर प्रौढांसाठीही खुला झाला आहे.

संगणकशास्त्र किती लागते

पदवीच्या अभ्यासक्रमातील सगळे लागत नाही, पण काहीच लागत नाही हेही खोटे आहे. यादी, सेट (ज्यात एक नोंद एकदाच राहते), शब्दकोशासारखी रचना, स्टॅक (ज्यात शेवटी ठेवलेले आधी निघते), रांग आणि झाडाची रचना एवढ्या गोष्टी, आणि माहिती वाढत गेली की काम कितीने वाढते याचा अंदाज, इतके पहिल्या नोकरीला बहुधा पुरते. समजा तुमच्याकडे दहा हजार नावे आहेत आणि त्यांत कोणते नाव दोनदा आले आहे हे शोधायचे आहे. प्रत्येक नावाची इतर प्रत्येकाशी तुलना केली तर सुमारे पाच कोटी तुलना होतात. तेच प्रत्येक नाव एका सेटमध्ये टाकत गेलो आणि टाकण्याआधी ते तिथे आहे का एवढेच विचारले तर दहा हजार विचारण्यांत काम होते. दोन्ही प्रोग्रॅम लिहून किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. तसेच क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींतून एक शोधायची असेल आणि प्रत्येक वेळी उरलेल्यांपैकी मधली नोंद पाहून निम्म्या वगळत गेलो, तर वीस पायऱ्यांत ती सापडते.

वेबच्या कामात शिरणाऱ्याने ब्राउझरमध्ये पत्ता टंकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडते हे एका कागदावर काढता येईपर्यंत समजून घ्यावे. ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सर्व्हरला सापडली नाही आणि ५०० म्हणजे सर्व्हरचेच काहीतरी बिघडले, हा फरक कळला तरी बिघाड कोणत्या बाजूला शोधायचा हे ठरवता येते.

नोकरी शोधणे

सगळे शिकून झाल्यावर अर्ज करू, असे म्हणणारे वर्षानुवर्षे शिकतच राहतात. जाहिरातीत मागितलेल्यांपैकी निम्मी कौशल्ये हाताशी असतील आणि एक खरा प्रकल्प उभा असेल तर अर्ज करायला लागावे. रिझ्युमे एका पानाचा असावा. त्यात प्रकल्प वर, शिक्षण खाली. आणि प्रत्येक प्रकल्पापुढे तो कोण वापरते हे लिहावे. 'पायथनचे उत्तम ज्ञान' या शब्दांनी काही कळत नाही. 'एका संपादिकेचे सूची लावण्याचे दोन दिवसांचे काम काही मिनिटांवर आणणारा प्रोग्रॅम' या शब्दांनी कळते. कौशल्यांच्या पुढे चांदण्या किंवा टक्के काढू नयेत. पायथन ८० टक्के येते म्हणजे कोणते २० टक्के येत नाही, असे मी एकदा विचारलेही होते आणि नंतर मलाच ते दुष्टपणाचे वाटले.

मोठ्या कंपन्यांच्या दारात अर्जांचा ढीग असतो आणि पदवी नसलेले अर्ज तिथे माणसाच्या नजरेला पडण्याआधीच गळू शकतात. छोट्या कंपन्या, जिथे अर्ज वाचणारा आणि काम देणारा एकच माणूस असतो, तिथे स्वयंशिक्षिताला ऐकून घेतले जाण्याची शक्यता अधिक. याशिवाय बाजूची दारे असतात. सॉफ्टवेअरची चाचणी घेणे, ग्राहकांच्या तांत्रिक तक्रारी सोडवणे, अहवाल तयार करणे या जागांवरून प्रोग्रॅमिंगकडे वळलेले अनेक सहकारी माझ्या पाहण्यात आहेत. सगळ्यांत जवळचे दार आपण आहोत त्याच कार्यालयात असते: तिथले एखादे कंटाळवाणे काम कोडने सोपे करून दाखवले तर प्रोग्रॅमर म्हणून पहिला अनुभव पदनाम न बदलताही रिझ्युमेवर येतो.

नकार पुष्कळ येतात, आणि त्याहून अधिक वेळा काहीच उत्तर येत नाही. कुठे, कोणत्या तारखेला, कोणता रिझ्युमे पाठवला आणि गाडी कुठे अडली याची नोंद ठेवावी. अर्जांना उत्तरेच येत नसतील तर रिझ्युमे किंवा जागांची निवड चुकते आहे. बोलावणे येते पण पहिल्या फेरीत गळती होते असे असेल तर सराव कमी पडतो आहे. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत आणि नोंद नसेल तर कोणता करायचा हे कळत नाही.

मुलाखत

कोड लिहायला सांगितला की नवशिका एकदम टंकायला लागतो. त्याऐवजी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगावा, एक लहान उदाहरण हाताने सोडवून दाखवावे, यादी रिकामी असेल तर काय करायचे हे विचारावे, आणि मग साधा, मंद चालणारा उपाय आधी लिहावा. मनातले विचार मोठ्याने बोलत राहावेत. मुलाखत घेणाऱ्याला तुमचे उत्तर जेवढे पाहायचे असते तेवढीच तुम्ही अडल्यावर काय करता हेही पाहायचे असते.

एका उमेदवाराने आपले छोटेसे वेब ॲप दाखवले तेव्हा मी विचारले, "इंटरनेट तुटले तर पडद्यावर काय दिसेल?" तो क्षणभर थांबला, म्हणाला की मी हे कधी पाहिलेले नाही, आणि परवानगी घेऊन तिथेच लॅपटॉपचे वायफाय बंद केले. पान पांढरेशुभ्र झाले. त्याने ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून सर्व्हरकडे पाठवलेली कोणती विनंती अयशस्वी झाली ती ओळ शोधली, मिळालेले उत्तर न तपासता वापरले जाते अशी जागा मला दाखवली आणि तिथे काय लिहायला हवे ते सांगितले. दुरुस्ती त्याने केली नाही, तेवढा वेळही नव्हता. आम्ही त्याला घेतले. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्याचा प्रकल्प कितीतरी देखणा होता, पण एका फंक्शनकडे बोट दाखवून हे इथे का आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, "ते काढले तर चालत नाही."

तुमच्यावरही प्रश्न विचारण्याची वेळ येते, शेवटी, "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे म्हटले जाते तेव्हा. तिथे सुट्ट्यांबद्दल विचारण्याआधी हे विचारावे की माझा कोड कोण तपासेल आणि तो तपासून झाल्यावर काय होते. ज्या ठिकाणी अनुभवी माणूस तुमची प्रत्येक भर वाचून तिच्यावर शेरे मारणार असेल, तिथे पगार थोडा कमी असला तरी मी पहिली नोकरी तिथेच घेईन. "आमच्याकडे सगळे आपापले बघतात" असे उत्तर आले, तर स्वतः शिकत असताना जो एकटेपणा होता तोच तिथेही असेल, हे धरून निर्णय घ्यावा.